विलॅमेटच्या टीमचे जहाजावरचे सहा दिवस

६ डिसेंबर १९४१, शनिवार. होनोलुलू स्टेडियममध्ये युनिव्हर्सिटी ऑफ हवाईने विलॅमेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमला २०-६ असं हरवलं. स्टेडियम लाकडी, प्रेक्षक वीस हजारांवर, आणि पाहुणी टीम म्हणजे ऑरेगन राज्यातल्या सेलम गावच्या एका छोट्या मेथडिस्ट कॉलेजातली पंचवीस-तीस पोरं. सेलमची तेव्हाची अख्खी वस्तीच एकतीस हजारांच्या घरात होती. गावातली बहुतेक माणसं एका मैदानाभोवती येऊन बसावीत, एवढी गर्दी त्या पोरांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. त्यांचा हंगाम झकास गेला होता, नॉर्थवेस्ट कॉन्फरन्सचं अजिंक्यपद पदरात होतं आणि हवाईची सफर त्यावरच्या बक्षिसासारखी होती. ही मॅच हरली तरी पुढची शिल्लक होती. १६ तारखेला सॅन होजे स्टेटशी खेळायचं, आणि मधले दिवस वायकिकीच्या समुद्रात डुंबायचं.

ती दुसरी मॅच झालीच नाही. ७ डिसेंबरला सकाळी आठला पाच कमी असताना पर्ल हार्बरवर जपानी विमानं आली.

मी सेलममध्ये राहते आणि नर्स आहे. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली. माझा मुलगा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये लाइनवर खेळतो, त्यामुळे शरद ऋतूतले शुक्रवार मी बाकावर ब्लँकेट पांघरून बसण्यात घालवते. विलॅमेटचं कॅम्पस राज्याच्या कॅपिटॉलसमोर, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. तिथून गेले नाही असा आठवडा जात नाही. १९४१ च्या टीमची गोष्ट इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दर डिसेंबरात ती कुणी ना कुणी सांगतंच. सांगताना सगळे रंगतात ते बंदुका आणि काटेरी तारांपाशी. त्यांचं चूक नाही, तो भाग आहेच तसा. पण मला त्यातला शेवटचा भाग सगळ्यात मोठा वाटतो आणि तो लोक एका वाक्यात उरकतात: “मग जखमींची सेवा करत ती मुलं नाताळाला परत आली.” ते एक वाक्य मला नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी टीमबद्दल. कोच होते रॉय कीन, सगळे त्यांना ‘स्पेक’ म्हणायचे. १९२६ पासून ते विलॅमेटमध्ये होते आणि फुटबॉलच नव्हे तर बास्केटबॉल, बेसबॉल, सगळं तेच बघायचे. छोट्या कॉलेजात असंच असतं. एकच माणूस मुलांना वर्षभर, पावसात, चिखलात, हिवाळ्यात जिमच्या लाकडी फरशीवर बघत असतो. त्या काळी खेळाडूही दुहेरी खेळायचे. आज चढाईची अकरा माणसं वेगळी आणि बचावाची वेगळी असतात. तेव्हा तीच अकरा पोरं दोन्ही बाजूंना उभी राहायची. डोक्यावर चामड्याचं हेल्मेट, तोंडापुढे जाळी नाही. दमणं, लागणं, नाक फुटणं यांची त्यांना सवय होती. पंचवीस-तीस पोरांच्या टीममध्ये बदलीला फार माणसं नसतात, तेव्हा शेजारचा दमला की आपण थोडं जास्त ओढायचं, हा शहाणपणा आपोआप येतो.

टीम गेली ती ‘लर्लाइन’ जहाजाने, सॅन फ्रान्सिस्कोहून. सॅन होजेची टीमही त्याच जहाजावर होती. ३ डिसेंबरला सगळे होनोलुलूत उतरले. लर्लाइन ५ तारखेला परतीच्या वाटेला लागली आणि हल्ला झाला तेव्हा ती अर्ध्या समुद्रात होती. त्याच दिवशी लाकूड नेणारं ‘सिंथिया ओल्सन’ हे जहाज त्याच समुद्रात जपानी पाणबुडीने बुडवलं. परतीची वाट कशी झाली होती, हे एवढ्यावरून कळेल.

विलॅमेटची मंडळी वायकिकीच्या मोआना हॉटेलात उतरली होती. रविवारी सकाळी बेट बघायला बस येणार होती. टीमबरोबर सेलमहून काही गावकरीही आले होते. त्यांत राज्याचे सिनेटर डग्लस मॅके आणि कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी होती. मॅके पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गंभीर जखमी झालेले. पुढे ते ऑरेगनचे गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. पर्ल हार्बर हॉटेलापासून दहा-बारा मैलांवर. आधी सगळ्यांना वाटलं, सैन्याचा सराव चालू आहे. बेटावर सराव कायमच चालू असायचे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. बस काही आली नाही.

त्या एका सकाळी २,४०३ अमेरिकन माणसं गेली आणि हजाराहून जास्त जखमी झाली. दुपारी बेटावर लष्करी कायदा लागू झाला. रात्री दिवे बंद, बाहेर पडायला बंदी. जपानी छत्रीधारी सैनिक उतरलेत, पिण्याच्या पाण्यात विष कालवलंय, अशा अफवा गावभर फिरत होत्या. कीन आणि मॅके यांनी मुलांना सैन्याच्या हवाली केलं, म्हणजे “ही दणकट पोरं आहेत, कामाला लावा” असं सांगितलं. मुलांनी वायकिकीच्या किनाऱ्यावर काटेरी तारा ओढल्या. मग त्यांना पुनाहो शाळेवर पाहऱ्याला पाठवलं. १८४१ साली निघालेली ही जुनी शाळा सैन्याच्या इंजिनियर खात्याने रातोरात ताब्यात घेतली होती. हातात पहिल्या महायुद्धातल्या जुन्या स्प्रिंगफील्ड रायफली आणि संगिनी. त्यांतल्या कित्येकांनी तोवर हरणापलीकडे कशावर नेम धरला नसेल. अंधारात, पाळीपाळीने, दहा-एक दिवस त्यांनी पाहरा दिला. टीमबरोबर आलेल्या बायका-मुली हॉस्पिटलांत मदतीला गेल्या. सॅन होजेच्या खेळाडूंनी होनोलुलू पोलिसांना हात दिला आणि त्यातले सात जण तर तिथेच पोलिसात राहून गेले.

सांगणारे इथवर अगदी रंगून सांगतात.

आता कीन यांच्या जागी बसून बघा. ते या पोरांना त्यांच्या आईबापांकडून घेऊन आले होते. टपालाला सेन्सॉर, फोन सैन्याच्या ताब्यात, आणि सेलममध्ये पंचवीस-तीस घरांत काळजी. परत न्यायचं तर जहाज पाहिजे. जहाजावर आधी जखमी, मग बायका-मुलं, मग मनिलाकडून पळून आलेले लोक. फुटबॉलच्या टीमला त्या रांगेत जागाच नाही. ‘प्रेसिडेंट कूलिज’ हे मोठं प्रवासी जहाज पूर्व आशियाकडून येऊन होनोलुलूला लागलं होतं आणि जखमींना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघणार होतं. कीन यांनी बोली केली: मुलांना जागा द्या, ती जखमींचं सगळं बघतील. बोली मान्य झाली. निघायची सूचना अगदी ऐनवेळी मिळाली, आणि १९ डिसेंबरला कूलिज बंदरातून बाहेर पडलं.

या बोलीचा अर्थ त्या पोरांना चढताना कितपत कळला असेल, असा विचार मी करत असते. मला त्याचा अर्थ चांगला कळतो, कारण कूलिजवर कोणते जखमी चढवले होते ते माहीत आहे. पर्ल हार्बरच्या नौदल हॉस्पिटलमधल्या रूथ एरिकसन या नर्सने पुढे ती हकिकत सांगून ठेवली आहे. जे तीन महिन्यांच्या आत बरे होऊन कामावर जातील, त्यांना हवाईतच ठेवलं. ज्यांना त्याहून जास्त काळ लागणार, म्हणजे मोडलेली हाडं आणि मोठे भाजलेले, त्यांना जहाजावर चढवलं. कूलिजवर असे सव्वाशेच्या आसपास जखमी होते. त्यांच्यासाठी नौदलाच्या नर्स किती? तीन. एरिकसन त्यांतल्या एक. शिवाय थोडे नौदलाचे कंपाउंडर, आणि पूर्वेकडून परतणारे दोन नौदल डॉक्टर, जे योगायोगाने प्रवासी म्हणून जहाजावर होते.

आमच्याकडे मोठ्या भाजलेल्या पेशंटला पहिल्या दिवसांत एकाला एक नर्स लागते. तरी ड्युटी संपताना पाठ धरलेली असते. त्यावरून कूलिजचा हिशेब करा.

पर्ल हार्बरच्या जखमींत भाजलेल्यांचं प्रमाण फार मोठं होतं. बॉम्ब फुटताना जी ज्वाला क्षणभर भडकते तिने उघडी कातडी जळते. सकाळची वेळ, उष्ण बेट, खलाशी पोरं अर्धी चड्डी आणि बनियनवर होती. जिथे कापड होतं तिथली कातडी वाचली आणि तोंड, हात, पाय भाजले. शिवाय फुटलेल्या टाक्यांमधलं तेल पाण्यावर पेटलं होतं आणि त्यात पोहून आलेले खलाशी तेलाने काळे झालेले होते. ड्रेसिंग करायच्या आधी ते तेल काढायचं हेच केवढं मोठं काम.

उपाय तरी काय होते तेव्हा? टॅनिक ॲसिड लावायचे; त्याने जखमेवर चामड्यासारखी कडक खपली धरते आणि अंगातलं पाणी झिरपणं कमी होतं. पुढे तो उपाय मागे पडला, कारण खपलीखाली पू साठायचा आणि चांगली कातडीही मरायची. दुसरा उपाय होता खनिज तेलात सल्फाची, म्हणजे त्या काळच्या जंतुनाशक औषधाची, पूड कालवून फवारण्याचा. नौदल हॉस्पिटलात भाजलेले एवढे आले की टॅनिक ॲसिड फवारायला त्यांनी फ्लिटचे पंप काढले, डासांवर मारतात तेच. मला या एका गोष्टीचं फार अप्रूप आहे. सामान कमी आणि माणसं जास्त असताना नर्सचं डोकं कसं चालतं, ते त्या पंपात दिसतं. रक्ताच्या जागी प्लाझ्मा मिळत होता. दुखण्यावर मॉर्फिन होतं. सल्फाच्या गोळ्या आणि पूड होती आणि तिने पुष्कळ जीव वाचवले. पेनिसिलिन अजून कुणाला मिळत नव्हतं. न्यूयॉर्कचे सर्जन जॉन मूरहेड त्याच आठवड्यात होनोलुलूत जखमांच्या उपचारांवर व्याख्यानं द्यायला आलेले होते आणि ७ तारखेला सकाळी स्थानिक डॉक्टर त्यांचं व्याख्यान ऐकायला जमले होते. व्याख्यान सोडून सगळे ऑपरेशनच्या टेबलांकडे धावले. नशीब म्हणायचं तर ते हेच.

पण औषधं हा भाजलेल्या पेशंटच्या काळजीतला छोटा भाग असतो. मोठा भाग हातांचा. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि छातीत कफ साठतो. जळलेल्या कातडीची भर काढायला शरीर अन्न अक्षरशः जाळत असतं, म्हणून जेवण दुप्पट लागतं; पण दोन्ही हात बँडेजमध्ये असले की घास कोण घेणार? पाणी घोटघोट पाजावं लागतं, किती प्यायला आणि किती लघवी झाली ते लिहावं लागतं. बेडपॅन द्यावं लागतं, काढावं लागतं, धुवावं लागतं. तोंड भाजलेल्याचे डोळे सुजून मिटलेले असतात. त्याला कुठे आहोत, दिवस आहे की रात्र, हे कुणीतरी सांगत राहावं लागतं. वास येतो. ज्यांनी तो घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही आणि ज्यांनी घेतला आहे ते विसरत नाहीत. पहिल्या दिवशी तगडे पुरुष चक्कर येऊन पडतात, हे मी पाहिलेलं आहे. ती पोरं अठरा ते बावीस वर्षांची होती आणि पलंगावरचे खलाशीही त्याच वयाचे होते.

हे सगळं चालत्या जहाजावर, डिसेंबरातल्या पॅसिफिकमध्ये, रात्री पूर्ण काळोख करून. प्रकाशाची तिरीप बाहेर जाऊ नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या, आत कोंदट हवा. पाणबुड्या चुकवायला जहाज नागमोडी जायचं. ही भीती पोकळ नव्हती. कूलिज समुद्रात असताना २० डिसेंबरला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ‘एमिडिओ’ या तेलवाहू जहाजावर जपानी पाणबुडीने हल्ला केला आणि २३ तारखेला ‘माँटेबेलो’ बुडवलं. चालता न येणारा माणूस टॉर्पेडो लागल्यावर अंधारात, कलत्या जिन्यावरून बोटींपर्यंत न्यायचा तर त्याला उचलणारी तीन-चार दणकट माणसं लागतात. तीन नर्सनी सव्वाशे जणांना कसं नेलं असतं? फुटबॉलची टीम जहाजावर असण्याचं मोल मला इथे दिसतं. कीन यांनी मुलांची सोय बघून केलेली बोली त्या जखमींच्या केवढी कामी आली!

आता मला आवडणारी गोष्ट. भाजलेल्या माणसाला उचलायचं किंवा वळवायचं तर चौघं लागतात: एक डोक्याशी, एक पायांशी, दोघं बाजूंना. डोक्याशी असलेली व्यक्ती मोजते आणि ठरलेल्या आकड्याला सगळ्यांनी एकदम उचलायचं. एकाने अर्धा क्षण आधी उचललं तर चादर खेचली जाते, तिच्याबरोबर नवी धरलेली कातडी सुटते आणि पेशंट ओरडतो. हे शिकायला नवीन मुलींना वेळ लागतो. मी एकदा जेवताना हे घरी सांगत होते, तर मुलगा म्हणाला, “आई, हा तर स्नॅप काउंट झाला.”

“तो काय असतो?”

“क्वार्टरबॅक मोजतो ना? आम्हाला आधी ठरवून दिलेलं असतं, कितव्या हाकेला बॉल निघणार. लाइनवरच्या सगळ्यांनी त्याच हाकेला एकदम सुटायचं. कुणी आधी हललं की पाच यार्ड मागे.”

“आणि उशिरा हलला तर?”

“मग समोरचा तुझ्या अंगावर.”

तेव्हापासून मला ती विलॅमेटची पोरं कूलिजवर वेगळीच दिसायला लागली. नर्सिंगमधलं त्यांना काही येत नव्हतं. ड्रेसिंग, इंजेक्शन, ताप बघणं, काही नाही. पण एका हाकेला चौघांनी एकदम उचलायचं, शेजाऱ्याच्या ताकदीचा अंदाज ठेवायचा, आपल्यामुळे हिसका बसू द्यायचा नाही, हे त्यांना कोणत्याही शिकाऊ नर्सपेक्षा चांगलं येत होतं. कित्येक सीझन कीन यांनी चिखलात तेच तर घोटून घेतलं होतं. दमल्यावर पडून न राहता पुढच्या डावाला परत रांगेत यायचं, हेही. भाजलेल्यांच्या वॉर्डात कामाला टिकतं कोण, असं मला कुणी विचारलं तर मी हुशारी किंवा मऊ मन यांच्या आधी हेच सांगेन: दोन तासांनी परत येणारं माणूस. पेशंटला वळवून झालं, तो ओरडला, तुम्हाला वाईट वाटलं. दोन तासांनी तुम्हाला तेच पुन्हा करायचं आहे, आणि तुम्ही हजर असला पाहिजेत.

म्हणूनच मी म्हणते, त्या हंगामातला सगळ्यात कठीण सामना जहाजावर झाला. बंदूक घेऊन शाळेच्या फाटकाशी उभं राहण्यात भीती होती, पण त्यात थोडा रुबाबही होता. विशीतल्या पोराला तो कळतो. बेडपॅन धुण्यात रुबाब नाही. आईसुद्धा जवळ नसलेल्या परक्या पोराला चमच्याने भरवण्याबद्दल कुणी पदक देत नाही. आणि ही मुलं घरी परतायच्या ओढीने त्या जहाजावर चढली होती, तो प्रवास त्यांना निमूटपणे केबिनमध्ये झोपूनही करता आला असता. त्यांनी तसं केलं नाही.

२५ डिसेंबरला सकाळी कूलिज सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. जखमींना फेरीबोटींनी मेअर आयलंडच्या नौदल हॉस्पिटलला नेलं. टीम तिथून सेलमला घरी गेली. आठवडाभराने, १ जानेवारी १९४२ ला, शेजारच्या कॉर्वालिस गावची ऑरेगन स्टेटची टीम रोझ बोल ही कॉलेज फुटबॉलमधली मानाची मॅच खेळली, आणि तीही कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात, नेहमीच्या जागी, नाही. पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवायला बंदी आली म्हणून ती मॅच देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरममध्ये झाली. ऑरेगन स्टेटने ड्यूक युनिव्हर्सिटीला २०-१६ ने हरवलं. कीन मूळचे ऑरेगन स्टेटचेच, त्यांना त्या विजयाचा आनंद झाला असणार. पण त्या टीममधला जपानमध्ये जन्मलेला एक खेळाडू त्या प्रवासाला जाऊच शकला नाही. सरकारी माणसांनी सरावाच्या मैदानावर येऊन त्याला अडवलं आणि काही महिन्यांनी त्याला आयडाहोतल्या मिनिडोका इथल्या, जपानी वंशाच्या लोकांना कोंडण्याच्या छावणीत डांबलं. विलॅमेटच्या गोष्टीचं कौतुक करताना त्याच महिन्यातली, मोटारीने तासाभराच्या अंतरावरची ही गोष्ट मी वगळणार नाही. एका टीमला परत आणायला एक माणूस जिवाचं रान करतो आणि दुसऱ्या टीममधून एक मुलगा सरकारने उचलून नेला. दोन्ही ऑरेगनचीच पोरं होती.

१९४१ च्या टीममधली जवळजवळ सगळी मुलं पुढे सैन्यात, नौदलात, मरीन्समध्ये गेली. एक जण जपानच्या इवो जिमा बेटावरच्या लढाईत मारला गेला. टेड ओग्डाल परत आले आणि १९५२ पासून १९७१ पर्यंत विलॅमेटचे फुटबॉल कोच होते. कीन पुढे ऑरेगन स्टेटमध्ये खेळविभागाचे प्रमुख झाले. विलॅमेटच्या बेसबॉल मैदानाला त्यांचं नाव आहे. कॅम्पसवर पाच उंच सेकोया झाडं आहेत. १९४२ साली कॉलेजला शंभर वर्षं झाली तेव्हा त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मुलांनी ती लावली. डिसेंबरात त्यांच्यावर दिव्यांच्या माळा सोडतात आणि गाव बघायला लोटतं. कूलिज जहाज मात्र वर्षभरही टिकलं नाही. सैन्य वाहून नेताना २६ ऑक्टोबर १९४२ ला दक्षिण पॅसिफिकमधल्या एस्पिरिटू सांतो बेटाच्या बंदरात शिरताना ते आपल्याच पाणसुरुंगांवर गेलं. पाच हजारांवर माणसं होती, दोन सोडून सगळी वाचली.

आमच्या वॉर्डात मदतनीस म्हणून नवीन मुलं येतात, त्यांतली काही कॉलेजात शिकत असतात, अधूनमधून विलॅमेटचीही. उचलायला शिकवताना मी त्यांना ही गोष्ट सांगते, आणि बंदुकांपासून नाही, जहाजापासून सुरू करते. परवा एकीने शिफ्ट संपताना मला थांबवून विचारलं, “त्या तीन नर्सचं पुढे काय झालं, ताई?” ती मूळची फिजीची, ‘ताई’ हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला आहे. तिघींचं सगळं मला सांगता येणार नव्हतं, पण एकीचं येत होतं. रूथ एरिकसन नौदलातच राहिल्या आणि १९६२ साली नौदलाच्या सगळ्या नर्सच्या प्रमुख झाल्या.